उपग्रह कसा वळतो : यॉ मॉडेलच्या प्रकल्प नोंदी, दारव्हा तालुका

१० मार्च २०२५

काम काय आहे ते आधी. दारव्हा तालुक्यात अडाण नदीच्या खोऱ्यात शेततळी, नाल्याचे खोलीकरण आणि बांधबंदिस्ती यांसाठी उंच-सखल मोजायचे आहे. वावरात मोबाइलची रेंज धड नसते, म्हणून आरटीकेची (मोबाइलवरून जवळच्या केंद्राकडून येणारी) थेट दुरुस्ती मिळेल हे धरून चालता येत नाही. दूरच्या गावांना एकच जीपीएस रिसीव्हर जातो. तो दोन तास एका जागी ठेवायचा, नोंद घरी आणायची आणि उपग्रहांच्या अचूक कक्षा व घड्याळाच्या फाइली लावून पीपीपीने, म्हणजे एकट्याच रिसीव्हरच्या नोंदीवरून, स्थान काढायचे, अशी पद्धत ठरली आहे. उंचीत दोन सेंमीच्या आत यायचे आहे.

जवळच दुसरा रिसीव्हर चालू असेल तर उपग्रहाच्या स्वतःभोवती वळण्याच्या (यॉच्या) गणितातली चूक दोघांच्या वजाबाकीत जवळपास निघून जाते. एकट्या रिसीव्हरला ती सोय नाही. त्याला उपग्रह कुठे आहे हे कळून भागत नाही. उपग्रहाचे तोंड कोणत्या बाजूला आहे हेही माहीत असावे लागते. या नोंदी त्यासाठी आहेत.

तपासणीसाठी एक स्थिर केंद्र लागते. काळ्या भारी जमिनीत खांब रोवून भागत नाही, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला सोबत घेऊन हलते. म्हणून खड्डा काळी माती आणि मुरूम संपेपर्यंत नेला, खाली पाषाणात भोके पाडून १६ मिमीच्या सळया इपॉक्सीने बसवल्या आणि त्यांवर काँक्रीटचा खांब उभा केला. खांबाभोवती मोठ्या व्यासाचा पीव्हीसी पाइप सोडला आहे. दोहोंमधली जागा मोकळी आहे, म्हणजे मातीची पकड खांबाला लागत नाही. अँटेनाचा स्क्रू नेमक्या उभ्या रेषेत आहे.

रिसीव्हर यू-ब्लॉक्सचा एफ९पी, नोंद ठेवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, १२ व्होल्टची ४२ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ५० वॉटचे सौर पॅनेल. सगळे मिळून पाचेक वॉट खाते, म्हणजे दिवसाला सुमारे १२० वॉट-तास. ढगाळ दिवस आले तरी बॅटरी अर्ध्याच्या खाली न जाता दोन दिवस निघतात. भारनियमनाशी संबंध ठेवलेलाच नाही. एफ९पीची एक मर्यादा आत्ताच लिहून ठेवावी: दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तो जीपीएसचा एल२सी संकेतच पकडतो. हा संकेत टू-आर-एम, टू-एफ आणि थ्री या जीपीएस उपग्रहांच्या पिढ्यांकडे आहे, जुन्या साध्या टू-आरकडे नाही. दोन फ्रिक्वेन्सी जोडून आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम काढून टाकणाऱ्या जोडगणितात साधे टू-आर त्यामुळे येतच नाहीत.

१४ मार्च

मूळ नियम. उपग्रहाला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: अँटेना पृथ्वीच्या केंद्राकडे आणि सौर पंखे सूर्याकडे. अँटेनाची दिशा हा झेड अक्ष. पंख्यांचा दांडा हा वाय अक्ष, आणि तो पृथ्वीची दिशा व सूर्याची दिशा या दोन्हींना काटकोनात हवा. एक्स अक्ष उरलेला, तो नेहमी सूर्याच्या बाजूच्या अर्ध्यात राहतो. त्यामुळे उलट बाजू सावलीत राहते आणि उष्णता बाहेर टाकायला उपयोगी पडते. हे सगळे जमायला उपग्रह झेड अक्षाभोवती सतत स्वतःला फिरवत असतो. हे फिरणे म्हणजे यॉ. ते आतली रिॲक्शन चाके करतात, आणि इथेच पुढची सगळी अडचण आहे, कारण चाकांच्या वेगाला मर्यादा आहे.

गणित दोन कोनांवर चालते. बीटा म्हणजे सूर्य कक्षेच्या पातळीपासून किती वर आहे तो कोन. म्यू म्हणजे कक्षेतला कोन, मध्यरात्रीच्या बिंदूपासून (पृथ्वीच्या मागे, सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध) उपग्रहाच्या गतीच्या दिशेने मोजलेला. आयजीएसच्या (अचूक उपग्रह-फाइली देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेच्या) अक्षपद्धतीत:

यॉ = एटॅन२(−टॅन बीटा, साइन म्यू)

एटॅन२ हे दोन आकड्यांवरून पूर्ण वर्तुळातला कोन देणारे फंक्शन. चिन्ह बरोबर आहे का ते पाहायची सोपी कसोटी: म्यू ९० अंश असताना उपग्रह सूर्याकडे धावत असतो, तेव्हा एक्स अक्ष वेगाच्या दिशेला आणि यॉ शून्याजवळ यायला हवा. म्यू २७० ला तो सूर्यापासून दूर जातो, यॉ १८० जवळ हवा. काही प्रोग्रॅममध्ये याच सूत्रापुढे १८० अंश मिळवलेले असतात. तिथे अक्षांची व्याख्या वेगळी आहे, चूक नाही. मात्र दोन प्रोग्रॅमचे तुकडे एकत्र जोडताना ही गोष्ट गळ्याशी येते.

फिरण्याचा वेग: म्यूचा वेग × टॅन बीटा × कॉस म्यू, भागिले (साइन म्यूचा वर्ग + टॅन बीटाचा वर्ग). माध्यान्हाला (कक्षेतल्या सूर्याकडच्या बिंदूवर) आणि मध्यरात्रीला, म्हणजे साइन म्यू शून्य असताना, हा वेग सर्वाधिक: म्यूचा वेग भागिले टॅन बीटा. जीपीएसची एक फेरी ११ तास ५८ मिनिटांची, म्हणून म्यूचा वेग ०.००८३६ अंश प्रति सेकंद. बीटा ३० अंश असेल तर कमाल यॉ वेग ०.०१५ च्या आत राहतो, काहीच अवघड नाही. बीटा १ अंश असेल तर मागणी ०.४८ अंश प्रति सेकंद होते आणि ती कोणताही जीपीएस उपग्रह पुरवू शकत नाही.

१८ मार्च

कक्षेची पातळी काढताना हमखास होणारी चूक सविस्तर लिहितो, कारण तिने बीटाच बिघडतो आणि पुढचे सगळे वाया जाते.

एसपी३ या कक्षा-फाइलमधली स्थाने पृथ्वीसोबत फिरणाऱ्या चौकटीत असतात. त्यांच्यातला फरक काढून वेग मिळवला तर तो फिरत्या चौकटीतला वेग झाला. कक्षेचा लंब काढायला स्थिर चौकटीतला वेग लागतो, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा भाग (ओमेगा गुणिले स्थान, सदिश गुणाकार) मिळवावा लागतो. आकडे बघा: जीपीएसचा खरा वेग ३.८७ किमी प्रति सेकंद, आणि २६,५६० किमी त्रिज्येवर पृथ्वीच्या फिरण्याचा भाग १.९४ किमी प्रति सेकंद. अर्ध्याइतका भाग गळतो. विषुववृत्त ओलांडताना ५५ अंश कललेली कक्षा त्यामुळे ८५ अंश कललेली दिसते. बीटात ३० अंशांपर्यंत चूक येते आणि तीही कक्षेभर बदलत राहते. बीटाचा आलेख दिवसभरात जवळजवळ सपाट यायला हवा, कारण तो दिवसाला फार तर अंशभर सरकतो. बारा तासांच्या लाटा दिसल्या की समजावे, ओमेगाचा भाग राहिला.

सूर्याचे स्थान पंचांगी साध्या सूत्राने काढले तरी चालते, शंभराव्या अंशापर्यंत बरोबर येते. पण सूर्य फिरत्या चौकटीत आणताना नाक्षत्र वेळ लागते आणि तिला यूटीसी हवा. जीपीएसची वेळ तशीच घातली तर १८ सेकंदांचा फरक राहतो, तेवढ्यात पृथ्वी ०.०७५ अंश फिरते. एरवी दुर्लक्ष करता येईल इतकी ही चूक. मात्र बीटा शून्यातून जात असताना त्याचे चिन्हच उलटे येऊ शकते, आणि चिन्ह उलटे म्हणजे उपग्रह दुसऱ्या बाजूने वळल्याचे गणित.

२४ मार्च

वेगाची मर्यादा घातली. प्रकाशित विश्लेषणांतले आकडे वापरले आहेत: टू-आर ०.२० अंश प्रति सेकंद, टू-एफ ०.११, रशियाचा ग्लोनास-एम ०.२५. यावरून कोणत्या बीटाच्या खाली उपग्रह मागे पडू लागतो ते निघते. टू-आर २.४ अंश, टू-एफ ४.४ अंश, ग्लोनास-एम (फेरी ११ तास १५ मिनिटे) साधारण २ अंश. याच्या वर सूत्र आणि उपग्रह एकच बोलतात.

डवरा घेऊन धुऱ्यावर आल्यावर बैलजोडी जागच्या जागी उलटी होत नाही, तिला वळसा घ्यावा लागतो. उपग्रहाचे माध्यान्ह वळण तसेच आहे, फक्त वळशाचा वेग ठरलेला असल्यामुळे तो आधी मांडता येतो.

टू-एफ आणि बीटा १ अंश असे घेऊन माध्यान्ह वळण पायरीपायरीने मोजले. सूत्राचा वेग ०.११ ओलांडतो तो माध्यान्हाच्या ३ मिनिटे ३९ सेकंद आधी. तोवर उपग्रह २८.६ अंश वळलेला असतो. तिथून तो ०.११ च्या ठरावीक वेगाने फिरतो. ऐन माध्यान्हाला सूत्र म्हणते ९० अंश, उपग्रह असतो ५२.७ वर. पुढच्या ३ मिनिटे ३९ सेकंदांना अंतर सर्वाधिक होते: सूत्र १५१.४, उपग्रह ७६.८, म्हणजे जवळपास ७५ अंश मागे. मग सूत्र संथ होत जाते, उपग्रह तेवढाच चालत राहतो आणि माध्यान्हानंतर साधारण १८ मिनिटांनी गाठ पडते. एकूण प्रकरण २२ मिनिटांचे.

हे ७५ अंश मोजणीत दोन वाटांनी शिरतात.

पहिली, फेज वाइंड-अप. उपग्रह स्वतःभोवती पूर्ण एक फेरी घेतो तेव्हा वाहक लहरीच्या फेजमध्ये पूर्ण एक सायकल वाढते किंवा घटते. एल१ (पहिल्या फ्रिक्वेन्सी) वर ती १९ सेंमी, एल२ (दुसऱ्या) वर २४.४ सेंमी, आणि दोघांच्या आयनोस्फिअर-मुक्त जोडीत १०.७ सेंमी. ७५ अंशांचे झाले २.२ सेंमी.

दुसरी, अँटेनाची जागा. टू-एफच्या अँटेनाचे फेज केंद्र (संकेत जिथून निघतो असे धरतात तो बिंदू) उपग्रहाच्या वस्तुमानकेंद्रापासून एक्स दिशेला ३९.४ सेंमी बाजूला आहे. उपग्रह फिरला की हे केंद्रही वर्तुळात फिरते. त्याचा किती भाग आपल्या दृष्टिरेषेत येतो हे उपग्रहाकडून पाहिलेल्या नादिर कोनावर (पृथ्वीच्या केंद्राची दिशा आणि आपली दिशा यांतल्या कोनावर) अवलंबून असते. तो कोन जास्तीत जास्त १३.९ अंश, तिथे ९.५ सेंमी. या आठवड्यात सूर्य विषुववृत्तापाशी आहे, त्यामुळे माध्यान्ह बिंदूवरचा उपग्रह आमच्या केंद्रावरून (२०.३ उत्तर) सुमारे ६४ अंश उंचीवर दिसतो. नादिर कोन ६ अंश, दृष्टिरेषेत येणारा भाग ४ सेंमी. ७५ अंशांची चूक असेल तर दिशेनुसार ५ सेंमीपर्यंत.

टू-आरचा हा बाजूचा फरक जवळपास शून्य आहे, म्हणून त्याला फक्त वाइंड-अपचा त्रास. ग्लोनास-एमचा ५४.५ सेंमी आहे, आणि तोही उणे एक्सकडे. इथे चिन्ह चुकले तर चूक दुप्पट होते.

२७ मार्च

मध्यरात्रीची बाजू. जीपीएसच्या उंचीवरून पृथ्वीच्या सावलीची अर्धी रुंदी १३.९ अंश भरते. बीटा त्याच्या आत आला की त्या कक्षापातळीचा ग्रहणकाळ सुरू, वर्षातून दोनदा. सर्वांत लांब सावली ५५ मिनिटांची.

सावलीत कोण कसा वागतो हे पिढीनुसार वेगळे आहे. एकच सूत्र सगळ्यांना लावणे ही या विषयातली सर्वांत महागडी काटकसर आहे. टू-आर सावलीतही सूत्राप्रमाणे चालत राहतो, फक्त मध्यरात्रीपाशी ०.२० ची मर्यादा. टू-एफ सावलीत शिरतानाच हिशेब करतो की बाहेर पडताना कुठे असायला हवे, आणि संपूर्ण सावलीभर एकसारख्या वेगाने फिरतो. बीटा १ अंशासाठी: शिरताना ४.२ अंश, बाहेर पडताना १७५.८, वेळ ३,३१६ सेकंद, म्हणजे वेग ०.०५२ अंश प्रति सेकंद. सूत्र मात्र सुरुवातीला जवळजवळ स्वस्थ बसून ऐन मध्यरात्रीला गर्रकन फिरते. परिणामी मध्यरात्रीच्या पावणेसहा मिनिटे आधी उपग्रह सूत्राच्या ५३ अंश पुढे आणि तेवढ्याच मिनिटांनी नंतर ५३ अंश मागे असतो. माध्यान्हाची चूक एकाच बाजूची, ही दोन्ही बाजूंची. रेसिड्युअलच्या (मोजणी आणि गणित यांतल्या फरकाच्या) आलेखात दोन्ही आकार लगेच वेगळे ओळखू येतात.

ग्लोनास-एम सावलीत शिरताच ०.२५ च्या पूर्ण वेगाने फिरतो, बाहेर पडतानाचा कोन गाठतो आणि उरलेला वेळ तिथेच थांबतो. बीटा १ अंशाला साडेअकरा मिनिटांत वळण संपते, सावली ५४ मिनिटांची. पूर्वीच्या टू-ए पिढीचे वागणे सर्वांत त्रासदायक होते. सावलीतून बाहेर आल्यावर सूर्य परत सापडेपर्यंत अर्धा तास काय चालले आहे याचा नेम नसे. ती पिढी आता सेवेत नाही. पण आरटीकेलिब या स्थान काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या २.४.२ आवृत्तीतली ग्रहणाची तपासणी फक्त टू-ए हेच नाव शोधते आणि त्याच उपग्रहांना वगळते. बाकी सर्वांना ती साधे सूत्र लावते. म्हणजे ‘ग्रहण वगळा’ हा पर्याय चालू केला तरी आजच्या आकाशात तो काही करत नाही. हे मूळ कोड उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

रात्रीच्या नोंदींत एक खबरदारी घ्यावी लागते. विदर्भाचा पट्टा आयनोस्फिअरच्या विषुववृत्तीय फुगवट्याच्या काठाजवळ येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, त्यातही सौर चक्राच्या शिखराजवळच्या या वर्षात, दिवस मावळल्यावर संकेत थरथरतो आणि सायकल स्लिप पडतात, म्हणजे मोजलेल्या सायकलींचा आकडा एकदम उडी मारतो. हा गोंधळ सावलीचा समजला जाऊ नये. सावलीचे वळण आमच्याकडे आकाशात उंचावर दिसते ते स्थानिक मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे घड्याळात साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. थरथर बहुतेक त्याआधीच्या काही तासांत असते. वेळ जुळली नाही तर दुसरी खूण: स्लिप एका क्षणात पडते, वळण मिनिटे घेते.

त्याहून नेमकी खूण जोडगणितात आहे. उपग्रह फिरतो तेव्हा एल१ आणि एल२ दोन्हींत सारख्याच सायकली वाढतात. वाइड-लेन जोडीत एकातून एक वजा होऊन शून्य उरते, काहीच दिसत नाही. एल१ वजा एल२ या मीटरमधल्या फरकात मात्र एका पूर्ण फेरीला ५.४ सेंमी दिसतात, तेही हळूहळू, आयनोस्फिअर बदलल्यासारखे. स्लिप शोधणारे नेहमीचे दोन्ही गाळणे त्यामुळे चुकीच्या दिशेने मांडलेल्या वळणाला पकडत नाहीत.

५ एप्रिल

युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीचे काम सर्वांत सोपे निघाले, कारण २०१६ आणि २०१७ मध्ये उपग्रहांची मापे आणि यॉचा नियम अधिकृतपणे जाहीर झाला. एफओसी (पूर्ण सेवेसाठीच्या) उपग्रहांसाठी: बीटा ४.१ अंशांच्या आत आणि उपग्रह माध्यान्ह वा मध्यरात्रीच्या रेषेपासून १० अंशांच्या आत आला की सूत्र सोडून कोसाइनचा वळसा. लक्ष्य अधिक वा उणे ९० अंश, त्यात सुरुवातीच्या कोनाचा फरक गुणिले कॉस(२π × वेळ ÷ ५,६५६ सेकंद). हा आकडा कुठून आला? गॅलिलिओचा म्यू वेग ०.००७१ अंश प्रति सेकंद, २० अंश पार करायला सुमारे २,८२० सेकंद, म्हणजे ५,६५६ च्या जवळजवळ निम्मे. अर्ध्या कोसाइनमध्ये वळण पुरे होते, वेगाला कुठे झटका बसत नाही. वेळ मोजायची ती पट्ट्यात शिरल्या क्षणापासून. नोंद मधूनच सुरू झाली असेल तर मागे जाऊन तो क्षण शोधावा लागतो.

चीनच्या बायडू-२ चे कललेल्या आणि मध्यम कक्षेतले उपग्रह बीटा ४ अंशांच्या आत आला की वळणेच सोडतात. यॉ शून्यावर धरून ठेवतात, सूर्य पंख्यांवर थोडा तिरपा पडला तरी चालवून घेतात. यांतल्या काही उपग्रहांनी पुढे ही सवय सोडली आहे, म्हणून नियम उपग्रहागणिक तक्त्यात ठेवला. बायडू-२ चे भूस्थिर उपग्रह कायम शून्यावर. त्यांना चुकून यॉच्या फंक्शनमधून नेले तर दिवसभराची १८० अंशांची खोटी लाट मिळते. बायडू-३ सतत वळतो. जपानच्या पहिल्या मिचिबिकी उपग्रहासाठी सीमा २० अंश होती.

भारताच्या नाविक प्रणालीला या टप्प्यात घेतलेले नाही. आमचा रिसीव्हर त्याच्या फ्रिक्वेन्सी पकडत नाही आणि वापरातल्या कक्षा-फाइलींत त्याचे उपग्रह नाहीत.

१२ एप्रिल

ऑर्बेक्स फाइली वाचायचा भाग लिहिला. काही विश्लेषण केंद्रे कक्षा आणि घड्याळासोबत स्वतः वापरलेली अभिमुखताही देतात, दर ठरावीक सेकंदाला एक क्वाटर्निअन (अभिमुखता सांगणारे चार आकडे). वाचताना तीन जागी पाय घसरतो.

चार आकड्यांत अदिश भाग पहिला असतो. पायथनमधल्या सायपाय लायब्ररीची सवय तो शेवटी घेण्याची आहे. क्रम न बदलता घातले तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही, उत्तर देतो, आणि उत्तर बघायला ठीकठाक वाटते. कसोटी एकच: मिळालेला झेड अक्ष पृथ्वीच्या केंद्राकडे आहे का ते तपासायचे. फरक एका अंशाच्या लहानशा भागाइतकाच असायला हवा.

दुसरे, फिरवण्याची दिशा. पृथ्वीच्या चौकटीतून उपग्रहाच्या अंगच्या चौकटीकडे, की उलट? वरचीच कसोटी हेही सांगते.

तिसरे, मधल्या क्षणाचा कोन. यॉ कोन काढून सरळ रेषेत मधला घेतला तर अधिक १८० आणि उणे १८० च्या सीमेवर मधला शून्य येतो, म्हणजे उपग्रह पूर्ण उलटा. म्हणून क्वाटर्निअनवरच गोलीय पद्धतीने मधला काढावा. त्याआधी दोन शेजारच्या क्वाटर्निअनचा बिंदू-गुणाकार बघावा. तो ऋण असेल तर एकाची चारही चिन्हे उलटी करावीत, कारण दोन्ही चिन्हांचा अर्थ एकच अभिमुखता असतो.

वाइंड-अपमध्ये मागच्या क्षणाचे मूल्य जपून ठेवायचे आणि नवे मूल्य त्याच्या सर्वांत जवळच्या पूर्ण सायकलीत आणायचे. नोंद तुटली की हे मूल्य आणि ॲम्बिग्विटी (सुरुवातीच्या अज्ञात पूर्ण सायकलींचा आकडा), दोन्ही एकदम नव्याने सुरू.

२० एप्रिल

मार्चच्या दिवसांच्या अंतिम फाइली आता हाती आहेत. या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच.

मॉडेल जितके खरे तितके स्थान चांगले, असे सहज वाटते. पीपीपीत ते तसे नाही. विश्लेषण केंद्र जगभरातल्या स्थिर रिसीव्हरांच्या नोंदी घेऊन उपग्रहाचे घड्याळ काढते. त्या वेळी उपग्रहाच्या वळणाचे त्यांचे मॉडेल चुकीचे असेल तर वाइंड-अपची चूक सगळ्या रिसीव्हरांवर एकसारखी पडते. सगळ्यांना सारखी असलेली चूक घड्याळाच्या आकड्यात मुरते. म्हणजे त्या फाइलमधले घड्याळ खऱ्या घड्याळाहून २ सेंमीने बाजूला असते आणि नेमक्या त्याच चुकीच्या मॉडेलसोबत वापरले तर बरोबर उत्तर देते. आपण प्रामाणिकपणे खरे मॉडेल लावले की ते २ सेंमी आपल्या पदरात.

एका टू-एफ उपग्रहाच्या माध्यान्ह वळणावर हे तिन्ही प्रकारे चालवले. साध्या सूत्राने रेसिड्युअल माध्यान्हानंतर फुगून मग खाली बसतो, वर काढलेल्या आकाराप्रमाणेच. आमच्या मॉडेलने फुगा लहान होतो, पण काही फाइलींसोबत पुरता जात नाही. त्याच केंद्राची ऑर्बेक्स लावली की आलेख सपाट. फाइली बदलून दुसऱ्या केंद्राचे घड्याळ आणि पहिल्याची अभिमुखता अशी मुद्दाम खिचडी केली तेव्हा फुगा परत आला.

म्हणून क्रम असा ठेवला: ज्या केंद्राचे घड्याळ, त्याचीच कक्षा, त्याचीच ऑर्बेक्स. ऑर्बेक्स नसेल तर त्या केंद्राने जाहीर केलेले मॉडेल. तेही नसेल तर आमचे मॉडेल, आणि वळणाच्या काळात त्या उपग्रहाचे वजन कमी. अनेक केंद्रांची सरासरी काढून बनवलेल्या घड्याळ-फाइलींना ग्रहणकाळात अधिक जपावे लागते, कारण मुळात वेगवेगळ्या अभिमुखतांवर बसलेली घड्याळे तिथे एकत्र झालेली असतात.

अँटेनाच्या बाजूच्या फरकाचे मात्र असे होत नाही. तो प्रत्येक रिसीव्हरला वेगळ्या दिशेने दिसतो, त्यामुळे घड्याळात पूर्ण मुरत नाही, थोडा कक्षेत जातो, थोडा तसाच उरतो.

बीटा शून्याच्या अंशभर आत असताना टू-एफ सूत्राच्या उलट बाजूनेही वळू शकतो, कारण उपग्रहावरच यॉचा छोटा मुद्दाम ठेवलेला कल आहे. अशा वेळी वळण संपल्यावर कोन दोन्हीकडे सारखाच येतो आणि अँटेनाची जागा जुळते, पण वाइंड-अपमध्ये एका पूर्ण सायकलीचा, म्हणजे १०.७ सेंमीचा फरक कायम राहतो. ऑर्बेक्सचे क्षण वळणाच्या मानाने जवळजवळ असतील तर दिशा आपोआप कळते. अर्ध्या तासाच्या अंतराने नोंद असेल तर कळत नाही, कारण ०.११ च्या वेगाने तेवढ्यात १९८ अंश, म्हणजे अर्ध्या फेरीहून जास्त, होतात आणि मधला रस्ता कोणता हे ठरवायला काही उरत नाही.

३ मे

शेतावरच्या मोजणीसाठी नियम ठरवले. कास्तकार सकाळी मोकळे असतात आणि रिसीव्हरही उन्हाआधी उचललेला बरा. तरीही साडेदहा ते साडेबारा अशी बैठक पडते, आणि माध्यान्ह वळणे डोक्यावर येतात ती याच वेळेला. दोन तासांच्या नोंदीत ॲम्बिग्विटी नुकती स्थिरावत असते. त्यात एका उंच उपग्रहाचा वीस मिनिटांचा फुगा थेट उभ्या दिशेत शिरतो. चोवीस तासांच्या नोंदीत तोच फुगा जवळजवळ विरून जातो. स्थिर केंद्राचे उत्तर चांगले आले म्हणून शेतातलेही तसेच येईल असे समजू नये.

निघण्याआधी त्या दिवशीचे बीटा काढून यादी छापायची. टू-एफ ४.४ च्या आत, टू-आर-एम २.४, ग्लोनास-एम २, गॅलिलिओ ४.१, बायडू-२ चे ४. जुळती ऑर्बेक्स मिळणार असेल तर काही वगळायचे नाही. नसेल तर टू-एफसाठी माध्यान्हाच्या ४ मिनिटे आधीपासून २० मिनिटे नंतरपर्यंत, आणि सावलीचा पूर्ण काळ, तो उपग्रह बाहेर. चार प्रणाली मिळून आकाशात पुरेसे उपग्रह उरतात. बैठक शक्यतो दहाच्या आत संपवायची, म्हणजे प्रश्नच येत नाही.

वगळलेला उपग्रह परत घेताना त्याची ॲम्बिग्विटी नवीच धरावी. जुनीच पुढे चालवली तर वगळलेल्या काळातली चुकीची फेरी तिच्यासोबत परत येते.

२२ मे

सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचा कोन) आता २०.३ अंश, आमच्या अक्षांशाइतकी. दुपारी सावली पायाखाली येते. वळणाच्या मॉडेलसाठी हे दिवस फार कामाचे, कारण माध्यान्ह बिंदूवर येणारा उपग्रह केंद्राच्या थेट डोक्यावर असतो. नादिर कोन शून्याजवळ, म्हणून अँटेनाच्या ३९.४ सेंमीचा दृष्टिरेषेतला भागही शून्याजवळ. उरतो तो निव्वळ वाइंड-अप. मार्चमध्ये दोन्ही चुका एकमेकींत मिसळलेल्या होत्या. आता रेसिड्युअलमध्ये जे दिसेल ते फक्त उपग्रह फिरल्याचे, आणि ७५ अंशांना २.२ सेंमी हे गणित थेट ताडून पाहता येते. मार्च आणि मेच्या आलेखांचा फरक काढला की अँटेनाच्या बाजूच्या फरकाचा भाग वेगळा मिळतो, म्हणून एक्स दिशेचे चिन्ह तपासायला वेगळे काही करावे लागत नाही.

अडचण एवढीच की असा उपग्रह नेमक्या त्या मिनिटाला आमच्या माथ्यावर यायला हवा, आणि त्याचा बीटा तेव्हा लहान हवा. जीपीएसचा मार्ग रोज चार मिनिटे आधी सरकतो, त्यामुळे बीटा लहान असलेल्या टू-एफची माध्यान्हाची जागा आधीच काढून ठेवली आहे. एक सेकंदाची नोंद त्या वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत चालू ठेवायची. अवकाळीच्या विजा कडाडत असतील तर अँटेनाची तार काढून ठेवायची. त्याच खांबावर पुन्हा संधी २१ जुलैच्या आसपास, सूर्य परत याच क्रांतीवर येईल तेव्हा, मात्र तोवर खांबाभोवतीची माती पाणी पिऊन फुगलेली असेल. पाइप आणि खांब यांच्यातली जागा त्याआधी साफ करून वरून झाकायची आहे.